स्तूपापुढचं गाऱ्हाणं

लेकीचं लग्न ठरत होतं. दोन्ही घरं एकदा सोबत फिरली की मनं मोकळी होतात, हा शोध माझा. आम्ही मूळचे कोकणातले, राहणार जोगेश्वरीला. होणारे व्याही मानखुर्दचे, बौद्ध. "आम्ही जातपात मानत नाही हो," हे मी त्यांना प्रत्येक भेटीत ऐकवायचो. खरंच न मानणाऱ्याला ते एकदाही म्हणावं लागत नाही, हे मला कोण सांगणार?

घाटमाथ्यावरचं एक चिमुकलं गाव निवडलं. बारमाही झरा, एकुलती पेठ आणि वर डोंगरात प्राचीन लेणी.

"घराशेजारची लेणी कधी बघितलीत?" बायकोने विचारलं. मला ऐकू आलं नाही.

निघताना लेकीने दम दिला. "बाबा, काकाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. आपल्याकडचे सगळे खूश आहेत, असंच सासरच्यांना वाटतंय. लग्न मोडलं तर बघा!"

मी छातीवर हात ठेवला. वाटेत तर मी व्याह्यांना दगडाचे प्रकारही समजावले. ते नुसते "हं" म्हणत होते.

लेण्यात गारवा, अंधार आणि समोर गोल, गुळगुळीत, भलामोठा दगड. असा दगड दिसला की आमच्या माणसाचा हात आपोआप पिशवीत जातो. पाण्याची बाटली विसरू, नारळ नाही. शुभकार्याआधी गाऱ्हाणं घालायची आमची रीत. देवापुढे उभं राहून, घरातलं सगळं उघड बोलून, खड्या आवाजात मागायचं. झाकून ठेवलेलं देवाला पोचत नाही म्हणे.

मी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बायको सवयीने म्हणाली.

"माझ्या चेडवाचा लगीन तडीस ने! 'त्या जातीत चेडू दिलंस तर तुझा तोंड बघूचंय नाय' असा माझ्या भावान सांगल्यान हा, तेका बुद्धी दी!"

पुढचं "होय म्हाराजा" आलंच नाही.

डोळे उघडले. बायको जमिनीकडे बघत होती. लेकीचा चेहरा पांढराफटक. व्याह्यांना मालवणी कळली नसेल, अशी एक आशा होती. मुंबईत जन्म गेलेला माणूस, न कळायला काय झालं?

"हा स्तूप आहे," ते शांतपणे म्हणाले. "याच्याकडे मागत नाहीत काही. आणि भावाला बुद्धी द्यायची तर फोन लावा ना. इथे रेंज आहे."

"लावा, बाबा," लेक म्हणाली.

लावला. भाऊ उचलू नये, असं मनात म्हणतोय तोवर त्याने उचललाच.

"दादा, व्याह्यांबरोबर आहे. लग्न होतंय. तू येणार की नाही, तेवढं सांग."

एवढं सरळ वाक्य मी त्याच्याशी जन्मात बोललो नव्हतो.

"कट केला त्याने," मी म्हणालो.

मग विहीणबाईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"चला, जेवणाचं एक पान वाचलं," त्या म्हणाल्या. "हा बाहेर नेऊन फोडा आता. भूक लागलीय."

लेक खुदकन हसली. मी फोन अजून कानालाच धरून होतो.