विहीणबाईंनी वाटलेले रोट

आमच्या कुळाच्या कानबाईचे रोट गेल्या श्रावणात आर्मेनियाच्या एका बाईने सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत वाटून टाकले. परवानगी मी दिली होती.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (खानदेशी माणसांनी हा भाग सोडून पुढे जावं, नाहीतर चुका काढत बसाल.) श्रावणात आमच्याकडे नारळाची देवी बसते. तिला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्या पिठाच्या खापरावर भाजलेल्या मोठमोठ्या पोळ्या करायच्या. त्या पोळ्या म्हणजे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, जावयाला नाहीत, लग्न करून दिलेल्या पोरीलासुद्धा नाहीत. खाऊन हात धुतलेलं पाणीही आमच्या कुळात उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. गावी त्यासाठी अंगणात खड्डा करायचे. इथे सगळीकडे टाइल्स, म्हणून आम्ही बादलीत हात धुतो आणि ते पाणी तुळशीला घालतो. तुळस दर वर्षी आजारी पडते.

आमच्या भाऊबंदकीची कानबाई माझ्या घरी बसते. माझ्या आईने ती केवळबाईच्या हाती दिली होती. केवळबाई म्हणजे माझी बायको. दीड वर्ष झालं तिला जाऊन. जाण्याआधी तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या, कानबाई या घरातून उठू देऊ नका आणि दाढी करत जा. दाढीचं माझ्याने झालं नाही. राहिली कानबाई.

तिच्यावर सुकदेवआबांचा डोळा होता. आबा माझे थोरले चुलतभाऊ, गोडादऱ्याला राहतात, आणि कुळाचे सगळे नियम त्यांना पाठ आहेत. (नसलेलेही पाठ आहेत.) ते मला म्हणाले, बाईमाणूस नसलेल्या घरात देवी कशी बसायची? यंदा बसव, पण एक जरी चूक झाली तरी पुढच्या वर्षी कानबाई माझ्याकडे. मी मान हलवली.

या मान हलवण्याबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिचाच आहे. माझा जन्म लूमच्या कारखान्यात गेला. तिथे संच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कोण काय बोलतं ते ऐकूच येत नाही. शेठ तोंड हलवतो, आपण मान हलवायची. जॉबर म्हणजे मुकादम तोंड हलवतो, आपण मान हलवायची. संध्याकाळपर्यंत आपण कशाकशाला हो म्हटलं ते पगाराच्या दिवशी कळतं. कान आता कामातून गेले, पण मान अजून शाबूत आहे.

आता आर्मेनिया. माझा मुलगा प्रवीण हिरे घासतो. त्याच्या कारागिरीवर खूश होऊन कोणीतरी त्याला आर्मेनियातल्या हिऱ्याच्या कारखान्यात नेलं. तो देश कुठे आहे ते मी विचारलं नाही, मान हलवली. तिथे त्याने अनुश नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती गेघारकुनिक नावाच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. (हे नाव प्रवीणकडून लिहून घेतलंय. उच्चारायला मला दात पुरत नाहीत.) परदेशची सून म्हणून मी जरा घाबरलो होतो. पहिल्यांदा फोनवर तिचं गाव बघितलं तेव्हा तिच्या घरामागे शेणाच्या गवऱ्यांचा माझ्याहून उंच उडवा रचलेला दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आपलीच माणसं आहेत, फक्त थंडी जास्त आहे.

त्या गावात सगळंच दगडाचं. घरं दगडाची, कुंपण दगडाचं, डोंगरावरचं देऊळ म्हणजे चर्च दगडाचं. खाली समुद्राएवढं तळं. आणि तळ्याच्या बाजूला कबरस्तान, त्यात पुरुषभर उंचीचे दगड उभे. प्रत्येकावर क्रूस आणि त्याच्याभोवती जाळीसारखी नक्षी, एकासारखी दुसरी नाही. मी फोनवर ते बघून केवळबाईला म्हटलं होतं, बघ, यांच्यात मेल्यावर एवढा दगड मिळतो, आपल्यात फोटोला हार, तोही प्लॅस्टिकचा. ती म्हणाली, तुम्हाला तोसुद्धा घालणार नाही. तिचा शब्द खोटा ठरला. हार मलाच घालावा लागला.

अनुशची आई वार्दुही, म्हणजे आमच्या विहीणबाई, यांचं आणि केवळबाईचं फोनवर फार जमलं. एकीला अहिराणी येते, दुसरीला आर्मेनियन. दोघी एकाच वेळी बोलायच्या, त्यामुळे कोणाचं अडायचं नाही. विहीणबाई जमिनीत पुरलेल्या भट्टीच्या भिंतीवर धोतराएवढी पातळ रोटी थापून दाखवायच्या. केवळबाई खापरावर पोळी टाकून दाखवायची. मग दोघी हसायच्या. मी मागून विचारायचो, काय झालं? "तुम्हाला नाही कळायचं," केवळबाई सांगायची. खरंच नाही कळलं.

तर गेल्या श्रावणात प्रवीण आणि अनुश विहीणबाईंना घेऊन सुरतला आले. बाई सत्तरीच्या, काळे कपडे, गळ्यात क्रूस, हात माझ्या दुप्पट. सोबत पोतंभर सुकवलेले जर्दाळू आणि एक मिठाची पुरचुंडी. आल्या आल्या त्या केवळबाईच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने रडल्या. सगळी गल्ली जमा झाली. मी इतका मोठ्याने रडलो नव्हतो, त्यामुळे बायकांनी माझ्याकडे वाईट नजरेने बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दारापुढच्या ओटल्यावर बसलो, तर समोरच्या खोल्यांमधल्या ओडिया पोरांनी मला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या.

मग अनुशने सांगितलं की आईला विहिणीच्या नावाने कोंबडा कापायचाय. त्यांच्यात तशी रीत आहे. चर्चमधून मंतरलेलं मीठ आणायचं, जनावर त्या मिठात शिजवायचं आणि सात घरी वाटायचं. स्वतःच्या घरात ठेवायचं नाही. घरात राहिलं तर ते दिलंच नाही असं होतं. अनुशला मराठी येत नाही, अहिराणी येते, केवळबाईने फोनवर शिकवलेली. त्यामुळे कोंबड्याची गोष्ट तिने अगदी माझ्या आईसारख्या आवाजात सांगितली आणि मला घाम फुटला. श्रावणात कोंबडा, कानबाईच्या घरात, आणि आबा गोडादऱ्याला टपून बसलेले! प्रवीणने सासूला समजावलं. बाईंनी पुरचुंडी परत बॅगेत ठेवली. मी म्हटलं, सुटलो.

रविवारी कानबाई बसली. आबांच्या घरच्या बायका सकाळपासून येऊन रोट करून गेल्या, परात भरून. देवीला नैवेद्य झाला. विहीणबाई नारळापुढे आल्या आणि त्यांनी छातीवर क्रूस केला. आबांनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघितलं. सगळ्यांनी संध्याकाळी जेवायला यायचं ठरलं आणि जो तो आपापल्या घरी गेला. प्रवीण आणि अनुश गजरे आणायला गेले. घरात मी, कानबाई, विहीणबाई आणि परात.

मला डोळा लागत होता. विहीणबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी केवळबाईच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग परातीकडे. मग दाराबाहेर, या घराकडे, त्या घराकडे. मग माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मला वाटलं, विचारतायत, हे सगळं तीच करायची का, लोक यायचे का. मी मान हलवली. चांगली तीन-चार वेळा हलवली, पाहुण्या आहेत म्हणून.

जाग आली तेव्हा आबा दारात उभे होते आणि परात रिकामी होती. केवळबाईच्या फोटोखाली तेवढा एक रोट ठेवलेला. विहीणबाई हात पुसत आनंदाने हसत होत्या.

"हिलाल, रोट कोठे शेतस?" आबांनी विचारलं.

मागून प्रवीण आणि अनुश आले. अनुशने आईला विचारलं आणि आम्हाला सांगितलं, सात घरी दिलेत, मामांनी हो म्हटलं होतं. मामा म्हणजे मी. आबा खाली बसले. आमच्यात बाहेर गेलं की बाटलं, यांच्यात घरात राहिलं की बाटलं, आणि मध्ये माझी मान! आबा म्हणाले, उद्या तापीवर विसर्जन झालं की देवीची पेटी, तिचे डोळे, नथ, साडी, सगळं माझ्या घरी येईल. मी फोटोकडे बघितलंच नाही. हिंमत झाली नाही.

मग आबांच्या बायकोने, सखूवहिनीने सुचवलं, की आधी जाऊन बघा तरी, उरले असतील तर परत आणा. मी परात उचलली. आबा माझ्यावर लक्ष ठेवायला मागे निघाले. रोट परत मागायला निघालेला कुळाच्या इतिहासातला पहिला माणूस मी.

पहिलं घर मंजुबेनचं. त्यांनी लोणच्याबरोबर खाऊनही टाकले होते. वर माझ्या परातीत खमण ठेवलं. "थाळी खाली न अपाय," म्हणाल्या, म्हणजे ताट रिकामं परत द्यायचं नसतं. समोर ओडिया पोरांच्या खोलीत रोट दारातच संपला होता. त्यांनी भाताचं पातेलं दाखवलं, घ्या म्हणाले. दर्जी करीमभाईंनी अर्धा रोट स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता, पण तो त्यांच्या आईसाठी होता आणि म्हातारी फडकं सोडेना. तिने मला शेवया दिल्या. मी रिकामी परात घेऊन निघालो होतो, ती एकेका घरी जड होत चालली. आबांचा चेहराही तसाच. एक मात्र मला खटकत होतं. हे काय आहे, कशाबद्दल दिलं, असं एकाही घराने विचारलं नव्हतं.

मग वामनचं घर आलं. वामन आणि मी शेजारशेजारच्या संच्यांवर म्हातारे झालो. तो बौद्ध, त्याच्याकडे कानबाई नाही. माझ्या डब्यातलं सगळं त्याने खाल्लंय, पण रोट मी कधी दिला नाही. नियम म्हणजे नियम. शांतावहिनी दारातच म्हणाल्या, "यंदा एकच आला भाऊजी. केवळबाई दोन द्यायची."

मी म्हटलं, "कधी?"

"कधी म्हणजे? दर वर्षी."

वामन आतून बाहेर आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "हिल्या, तुला खरंच माहीत नव्हतं? तू दुपारी घोरायला लागलास की ती पदराखाली घेऊन निघायची. सगळ्या गल्लीत द्यायची. आम्हाला बजावून ठेवलं होतं, ह्यांना सांगू नका, ह्यांच्या पोटात राहणार नाही."

मी परात खाली ठेवली. आबा म्हणाले, हे शक्य नाही, एकटी बाई एवढी घरं कशी करेल, कोणाला तरी दिसली असती. आणि ते मागे वळले. सखूवहिनी आमच्या मागोमाग येऊन गल्लीत उभ्या होत्या. त्यांनी पदर नीट केला.

"एकटी कशी करेल?" त्या म्हणाल्या. "परात मी धरायची."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आबांना एकही नियम आठवला नाही.

घरी आल्यावर अनुशने आईला सगळं विचारून घेतलं. "आई म्हनस, मायनी फोनवर दखाडेल शे," ती म्हणाली. केवळबाईने पोळ्या पदराखाली घेतलेल्या, गल्लीतली दारं, सगळं विहिणीला फोनवर दाखवलं होतं. दोघी हसायच्या त्या यालाच. विहीणबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, तुझी बायको हे त्या घरांना द्यायची, मी देऊ का? एवढे देश ओलांडून आलेल्या बाईला माझ्या घरातली गोष्ट ठाऊक होती, आणि मी त्याच घरात झोपलेलो होतो.

संध्याकाळी भाऊबंद जेवायला बसले ते खमण, शेवया, भात आणि जर्दाळू. फोटोखालचा एक रोट आबांनी हाताने तुकडे करून सगळ्यांना वाटला, विहीणबाईंनाही. कानबाईच्या पेटीचा विषय त्यांनी काढला नाही, सखूवहिनी वाढायला समोरच उभ्या होत्या. सोमवारी तापीवरून आल्यावर देवीची पेटी माझ्याच कपाटात गेली. कानबाई राहिली. मी दाढीसुद्धा केली. गाल कापला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जाण्याच्या दिवशी विहीणबाई पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी केवळबाईच्या फोटोकडे बोट दाखवलं, हवेत दोन्ही हातांनी उभा मोठा चौकोन काढला, मग माझ्याकडे बोट दाखवलं, भुवया वर केल्या. डोळे भरले होते बाईंचे. अशा वेळी माणूस काय करणार? मी मान हलवली.

गेल्या महिन्यात प्रवीणने फोटो पाठवला. तळ्याकाठचं ते कबरस्तान, एका बाजूला विहीणबाईंच्या घरच्यांचे दगड, आणि त्यांत एक नवा कोरा दगड. त्यावर कोरलेली केवळबाई, पदर डोक्यावर घेतलेली, हसते आहे, अगदी हुबेहूब. तिच्या शेजारी मी. नवराबायकोचा दगड तिकडे एकच करतात, म्हणे, आणि जिवंत असेल त्याच्या तारखेची जागा मोकळी ठेवतात. माझी मोकळी आहे.

दगडातसुद्धा माझी दाढी वाढलेलीच आहे.