ओल्या मानेचा कांदा

कांदा साठवायच्या, फटी ठेवून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आमच्या दोन कांदाचाळी शेजारी शेजारी आहेत, मधे ट्रॅक्टर जाईल एवढी जागा. एक माझी, एक धाकट्या भावाची. शेत वणीच्या रस्त्याला. मी सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून शेती करतो, भाऊ पूर्णवेळ करतो. वडील आता काम करत नाहीत. हिंडतात, एखादा कांदा दाबून बघतात आणि म्हणतात, "कांदा टिकवावा तर धाकल्यानं." हे वाक्य सुरू होण्याआधीच माझे कान तापतात. तसलं एक वाक्य मला माझ्याबद्दल हवं होतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला असलं काही हवंसं वाटू नये, हे मला कळतं. तरी वाटायचं.

यंदा मी ठरवलं, चाळ त्याच्या आधी भरायची. कांदा उपटला की पातीखाली झाकून वावरातच सुकवतात. मान पार वाळली की मग दोन बोटं ठेवून पात कापायची. मान ओली असताना कापली तर जखम उघडी राहते आणि तिच्यातून बुरशी आत शिरते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माझी रजा संपत आली होती आणि भावाचा कांदा अजून वावरात पडून होता.

बायको म्हणाली, "अहो, माना हिरव्या दिसतायत."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो आणि कापणी सुरू केली.

चाळ भरल्यावर वडील बघायला आले. "झाली पण?" एवढंच बोलून गेले.

पावसाळा लागल्यावर मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन भावाच्या चाळीपाशी जाऊन उभा राहू लागलो. भावाला वाटायचं, मी गप्पा मारायला येतो. "दादाला माझ्याबिगर चहा गोड लागत नाय," असं तो वडिलांना सांगायचा. मी हसायचो. खरं म्हणजे मी वास शोधत होतो. त्याच्या कांद्याला काजळी धरावी, माना मऊ पडाव्यात, एवढंच देवाकडे मागत होतो. सख्ख्या भावासाठी.

आणि एके सकाळी वास आला. कुबट, आंबूस, शंकाच नको असा. कप तिथेच ठेवून मी जवळजवळ पळत घरी गेलो.

"बाबा, धाकट्याची चाळ सडतेय! चला लवकर."

चेहरा काळजीचा ठेवला होता. आवाज मात्र लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा निघाला.

वडील आले. भाऊही घाबरून धावत आला. वडिलांनी पट्ट्यांमधून हात घालून त्याच्या चाळीतला एक कांदा काढला, दाबला, हुंगला, परत ठेवला. मग गळ्यातल्या उपरण्याचं टोक वर धरलं. ते भावाच्या चाळीकडे फडफडत होतं.

"वारा कुठून येतोय?" त्यांनी मला विचारलं.

"पश्चिमेकडून."

"मंग पश्चिमेला कुणाची चाळ हाय?"

माझी होती. माझं घर तिला लागूनच, त्या वासातच मी झोपत-उठत होतो, म्हणून तो मला घरी कधी आलाच नाही. वडिलांनी माझा एक कांदा मानेला धरून उचलला. मान हातात राहिली, कांदा खाली पडून फुटला. आत करडी बुरशी, कापसासारखी.

"मान वली व्हती," वडील म्हणाले.

"जाऊ द्या ना बाबा," भाऊ म्हणाला. "यंदा पाऊसच लय. कुणाचीबी सडली असती." आणि पाट्या आणायला गेला.

दिवसभर आम्ही दोघं चांगला कांदा वेगळा काढत बसलो. त्याने एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो, हेही मी त्या दिवशी बघून घेतलं. चाळीतला निम्म्याहून जास्त कांदा खड्ड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मी चहा घरातच प्यायला बसलो. तिकडून हाक आली, "ओ दादा! रुसले का काय? या की इकडं." बघतो तर त्याने चाळीपाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

मी गेलो. अजूनही रोज जातो. तो बोलत असतो, मी हूं हूं करतो, आणि पट्ट्यांकडे तोंड असलं की श्वास जरा खोलच घेतो.