मोनाची मुलाखत आणि माझं इंग्रजी

सौसरात माझ्याइतकं चांगलं इंग्रजी कोणालाही येत नाही. (हे मी स्वतःच सांगत असतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.) पांढुर्ण्याच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या, पुढची पानं गळालेल्या एका जुनाट शब्दकोशावर मी शाळेत इंग्रजी शिकवण्याची अख्खी नोकरी काढली.

माझी भाची मोना हिला नागपूरच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. बाप नसलेली पोर. घर आता तिच्याच पगारावर चालायचं होतं. तयारी अर्थातच मी करून घेतली!

बस बोरगावला थांबली आणि मोनानं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"मामाजी, 'ऑफुल' म्हणजे काय सांगतलं होतं तुमी?"

"ज्याच्यापुढे हात जोडावे असं भव्य! हॉटेलात पाय ठेवल्याबरोबर म्हणायचं."

"मोबाइल तर 'भयानक' दाखवून राहिला! अन् 'सिली'?"

"पुण्यवान. तो मुलाखत घेणाऱ्या मॅडमसाठी ठेवलाय."

"मूर्ख होते त्याचा अर्थ, मामाजी! तुमचा अर्थ शेकडो वर्षांआधीचा, कवाचाच मेला म्हणते."

पोरीची नोकरी मीच घालवणार होतो!

"विसर! सगळं विसर!"

"आता कशी विसरू? रोज सकाळी घोकून घेतलं ना तुमी!"

सावनेर येईपर्यंत मी एकेक शब्द "हा विसर" म्हणून सांगत होतो आणि तो तिला आणखी पक्का होत होता. (पुढच्या सीटवरच्या बाईलासुद्धा 'सिली' पाठ झालं.)

हॉटेलात पोचल्यावर मोना मुलाखतीला आत गेली. मी बाहेर सोफ्यावर घामानं निथळत बसलो. तेवढ्यात मलाही आत बोलावलं! रात्रपाळीला घरच्यांची हरकत नाही ना, एवढंच मॅडमना विचारायचं होतं.

"डू यू स्पीक इंग्लिश, सर?"

मोनाचा चेहरा पांढराफटक! माझ्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती. त्यातले जिवंत किती आणि मेलेले किती, देव जाणे! जन्मात पहिल्यांदा मला इंग्रजीची भीती वाटली.

"नाई जी," मी हात जोडले. "मले काईच येत नाई."

मॅडम मोनाकडे कौतुकानं पाहत राहिल्या. "घरात कोणालाच येत नसताना एवढं छान शिकलीस? सोमवारपासून ये."

आता मोनाला इंग्रजी कोणी शिकवलं, असं कोणी विचारलं की बायको माझ्याकडे बोट दाखवते.

"यायनंच शिकवलं. पन नोकरी लागली ते हे चूप बसले म्हणून!"