बाळारामच्या चित्रावर हरकती

बाळाराम आमच्या खाडीकाठच्या तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला. तीस वर्षं दारात उभं राहून त्याने पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला. दुपारी न्यायाधीश जेवायला गेले, की तो जुन्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढी. संगणक आल्यावर एका कारकुनाने शाईच्या आठ बाटल्या त्याला देऊन टाकल्या होत्या. त्यातली सात बाटल्या शाई हात बसण्यात गेली.

आठवीतून उतरलं ते मोठं चित्र: भर कोर्ट. काळेभोर फराटे. न्यायाधीश म्हणजे नुसता चष्मा. साक्षीच्या पिंजऱ्यात बांधाच्या दाव्यातली मनुबाई, चिमणीएवढी. तिच्यासमोर रामचंद्र वकील, त्यांचं उघडं तोंड खाडीच्या मुखाएवढं. मागे कल्पिता वकीलबाई, काखेत फाइल, फाइलची नाडी अजून बांधलेलीच.

एकतीस तारखेला बाळाराम निवृत्त होणार होता. त्याआधी चित्र वकिलांच्या खोलीत, जुन्या वकिलांच्या फोटोंच्या रांगेत लागावं, एवढीच त्याची इच्छा. त्या खोलीत त्याने तीस वर्षं चहा नेला होता, पण बसला कधीच नव्हता.

दुसऱ्या कोणी खिळा ठोकला असता. हे पडले वकील. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. नऊ वकिलांपैकी सात जणांच्या हरकती आल्या. रामचंद्र वकिलांना तोंड लहान हवं होतं. कल्पिताबाईंना नाडी सुटलेली हवी होती. एकांना पोट मान्य नव्हतं, दुसऱ्यांना टक्कल, तिसऱ्यांना डुलकी. उरलेल्या दोघांची हरकत अशी, की आपण चित्रातच नाही.

बाळारामला म्हणणं मांडायला सांगितलं. त्या दोघांबद्दल त्याने लिहून दिलं, "पुकारा तीन वेळा केला होता. हजर नव्हते."

अठ्ठावीस तारखेला सगळे जमले. थोडा पांढरा रंग लावून दुरुस्त्या करून टाक, मग खुशाल लाव, असं ठरलं. रंगाची बाटलीसुद्धा कोणीतरी आणून ठेवली होती. बाळारामने ती उचलली, झाकण काढलं आणि थांबला.

"करतो ना साहेब. पण कोर्टात खाडाखोड केली का बाजूला सही लागते. ज्याची दुरुस्ती, त्याची सही."

हे त्यांनीच त्याला तीस वर्षं शिकवलं होतं. आता तोंडाशेजारी सही म्हणजे तोंड आपलंच, हे कबूल करणं. पोटाचंही तेच, आणि डुलकीचं तर फारच.

"पहिली सही कोनाची?" त्याने विचारलं.

रामचंद्र वकिलांनी पेन काढलं, टोपण उघडलं, चित्राकडे बघितलं आणि टोपण लावलं. कल्पिताबाईंना एकाएकी पक्षकार आठवला. तासाभरात सगळ्या हरकती मागे घेतल्या गेल्या.

एकतीसला दुपारी चित्र लागलं. वकिलांनी बाळारामला आग्रहाने खुर्चीवर बसवलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग वकील संघाचे अध्यक्ष म्हणाले, चहा सांगा. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणाला सांगायचा हे कोणाला ठाऊक नव्हतं.

थोडा वेळ वाट बघून बाळाराम उठला. "किती कप?" म्हणाला.