तिसऱ्या वेच्याचं वावर

एकमान पद्धत शिकवावी तर मीच, असा माझा काही वर्षं समज होता. सातवीच्या पुस्तकात डझनभर वह्या आणि पेनं असतात, एका पेनाची किंमत काढा म्हणतात, आणि मुलं जांभया देतात. मी ते पुस्तक मिटून गोष्ट सांगायचो. दोन ट्रॅक्टर नांगरायला निघाले, एक बढाईखोर, एक मुका. दोन बहिणी विहिरीवर गेल्या, एकीची घागर मोठी, एकीची चाल भारी. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं आणि विचारायचं, "एका तासाला किती?" सगळ्या वर्गाची बोटं वर. आर्णी तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेत ही पद्धत गाजली, आणि तिच्यासोबत मीही थोडा फुगलो.

एका डिसेंबरात केंद्रप्रमुख माझा पाठ बघायला येणार असं कळलं. मी ठरवलं की गोष्ट या वेळी मुलांच्या घरचीच असावी. कापसाचे दिवस होते. आदल्या दिवशी मुलांना सांगितलं, आईने आज किती तास वेचलं आणि किती किलो वेचलं ते विचारून या. सगळ्यांनी आणलं. मी ते आकडे नावांसकट फळ्यावर मांडले, मग नावं पुसली आणि आकडे तसेच ठेवले. तेवढ्याने झाकलं जाईल असं मला वाटलं. वर्गात वीस मुलं. कोणाचा आकडा कोणता हे वीसही जणांना पाठ होतं.

साहेब मागच्या बाकावर बसले. मी गोष्ट सुरू केली. एका राजाच्या कापसाच्या वावरात दोन बाया होत्या. एक झपाटाबाई, आठ तासांत अठ्ठेचाळीस किलो. दुसरी गोगलगायबाई, सहा तासांत पंधरा किलो. मी गोगलगायबाईची चाल करून दाखवली. बोंडापाशी थांबते, पदर सावरते, आभाळाकडे बघते, मग एक बोंड तोडते. मुलं हसून लोटपोट. साहेबही हसले. ते हसताहेत हे पाहून मी ती चाल पुन्हा केली.

पंधरा किलो तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या आईचे होते. ती हसत नव्हती. मुलांनी भागाकार करून सहा आणि अडीच सांगितल्यावर तिने हात वर केला.

"सर, आमच्या मायचं वावर तिसऱ्या वेच्याचं होतं. तिथं कापूसच कमी असते."

तिचं म्हणणं मला समजलं नाही असं नाही. इथेच माझी लाज आहे. माझी आई जन्मभर लोकांच्या वावरात वेचायला गेली. पहिल्या वेच्याला, म्हणजे पहिल्या वेचणीला, झाड पांढरंशुभ्र असतं, मूठ मारली की भरते. तिसऱ्या वेच्याला झाडावर चुकलेली, अर्धी उघडलेली बोंडं उरतात, एकेक शोधावं लागतं, आणि नखांच्या कडा सोलून निघतात. आईच्या बोटांना मी लहानपणी तेल लावलंय. दोन वेच्यांची तुलना एका भागाकाराने होत नाही, हे त्या वर्गात मला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तिचा प्रश्न माझ्या पूर्ण गोष्टीपेक्षा हुशार होता. मी तिला फळ्यापाशी बोलावून तो सगळ्यांना समजावून सांगायला लावला असता, तर तोच त्या दिवसाचा खरा पाठ झाला असता.

पण साहेब वहीत काही लिहीत होते आणि तास संपायला पाच मिनिटं होती. मी म्हणालो, "गणितात वावर नसतं. किलो आणि तास, बस." मुलं पुन्हा हसली. ती मुलगी खाली बसली.

साहेबांनी पाठ नमुनेदार असल्याचं सांगितलं. आमचा पाठ बघायला बाकीच्या शाळांतले शिक्षकही बोलावू, असं म्हणाले. मी घरी जाताना पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला कोणीतरी गोगलगाय म्हणून हाक मारली. मी ऐकलं आणि हाक मारणाऱ्याला दम दिला, जणू ते नाव त्याने शोधलं होतं. मुलगी मात्र शाळेत रोज येत राहिली, विचारलं की उत्तरं बिनचूक देत राहिली. फक्त हात वर करणं तिने सोडलं. आठवडाभर मी रोज ते पाहिलं आणि रोज काहीतरी कारण काढून गप्प बसलो.

शेवटी एका सकाळी शाळेआधी गाडी तिची आई वेचायला जायची त्या वावराकडे वळवली. माफी मागायची, आईसमोर आणि मुलीसमोर, असं वाटभर घोकत गेलो. बांधावर पोचलो तर मुलगी तिथेच. लिंबाच्या फांदीला टांगलेल्या काट्यावर ती गाठोडं मोजत होती. आई मला बघून लगबगीने पुढे आली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

"सर, लय चांगलं शिकवता तुमी. आठ दिस झाले, पोरगी उजेडायच्या आंधी उठते अन् शाळेआधी दोन घंटे मले वेचू लागते. म्हणते, माय, आपलं तासाले किती होते ते मले वाढवाचं हाये."

वर्गातलं हसणं, ती चाल, ते नाव, यातलं काहीच मुलीने घरी सांगितलेलं नव्हतं. आई माझे आभार मानत होती आणि ओंजळभर तुरीच्या शेंगा माझ्या पिशवीत घालत होती. मी घालू दिल्या. मुलीकडे वळलो. तिच्या बोटांच्या कडा सोललेल्या होत्या. माफीचे शब्द कुठे गेले कोण जाणे, आणि तोंडातून सवयीने निघालं, "किती झाला?"

"दोन तासात आठ किलो, सर. दोघींचा मिळून. तासाले चार." मग माझ्याकडे न बघता तिने पुढचं सांगितलं. "पन दव हाये त्याच्यात. वाळल्यावर कमी भरन."

बरोबर आहे, एवढं तरी मी म्हणायचं होतं. मी मान हलवली आणि शाळेला उशीर होतोय असं सांगून गाडीला किक मारली.