खंडेनवमीचं इंजिन

सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंगला आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरातलं एकही दार करकरेनासं झालं. तिसऱ्या आठवड्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी चांगला चालणारा डिशवॉशर उघडला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं. मी घरून काम करते. माझ्या मीटिंगमध्ये मागून हातोडीचा आवाज येई आणि लोक हसू दाबत. मला हसू येत नव्हतं.

बाबा एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ते आता एकटेच राहतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी अचानक गेल्या, तेव्हा त्यांच्या शिलाई मशीनवर नणंदेच्या बाळाचं झबलं अर्धं शिवलेलं होतं. ते अजून तसंच आहे, सुईखाली. बाबा मशीनला कुणाला हात लावू देत नाहीत. दर खंडेनवमीला मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवतात. दर वर्षी माझा नवरा म्हणतो, "बाबा, ते मशीन कुणाला तरी देऊन टाका ना, उपयोगी तरी पडेल." मलाही ते पटायचं. कापड पिवळं पडत चाललं होतं. यावर बाबा फोन फिरवून छताकडे धरत आणि आम्हाला पंखा दिसे.

तर अशा माणसाला दिवसभर कुठे ठेवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. तो सुटला एका बसमुळे. आमच्या इथून बसने जाता येईल अशा एका गावाबाहेर जुन्या धावपट्टीचा तुकडा आहे, आणि तिथल्या कंट्रोल टॉवरमध्ये छोटंसं म्युझियम. महायुद्धात अमेरिकन हवाई दलाची एक विंग, म्हणजे मोठी तुकडी, समुद्र ओलांडून इथे येऊन राहिली होती. त्यांची विमानं सैनिक वाहून न्यायची, बिनइंजिनाची ग्लायडर ओढायची. गावात त्या विंगची सगळ्यांत जास्त आठवण सायकलींची आहे. आल्या आल्या त्या पोरांनी गावातल्या झाडून सगळ्या सायकली विकत घेतल्या होत्या, आणि विंग फ्रान्सला हलली त्या दिवशी सायकली कुंपणाला टेकवून गेली. ज्याची त्याने ओळखून परत न्यावी.

म्युझियम चालवतात गावातलेच निवृत्त लोक. त्यांचे प्रमुख एक ऐंशीच्या घरातले शेतकरी. सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात किल्लीवाले म्हणायची. बाबा त्यांना 'चीफ' म्हणत. पहिल्याच दिवशी बाबा संध्याकाळी परतले ते चेहरा उजळून.

"डकोटा विमानाचं इंजिन आहे तिथे, बेटा. मी ज्याच्यावर काम शिकलो ना, तेच. अर्धवट खोलून ठेवलं आहे. काहून ठेवलं कोणास ठाऊक."

त्यानंतर आठवड्यातले चार दिवस त्यांचा डबा म्युझियमला जाऊ लागला. पोळीभाजी त्यांची, सॉसेज रोल चीफचे, आणि वाटणी बरोबरीने. शेडमध्ये एक जीप रंगवायची चालली होती, एका ग्लायडरचे पंख जोडायचे चालले होते. बाबांना तिथे मान होता आणि मला घरात शांतता होती. असं सुख मी लंडनच्या पगारातही पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीच्या आधी किल्लीवाले मुलीकडे गेले होते. शनिवारी म्युझियम लोकांसाठी उघडायचं होतं. जाताना ते बाबांना म्हणाले, शेड जरा स्वच्छ करून ठेवाल का. बाबांच्या लेखी हा योगच होता. हत्यारं आणि यंत्रं पुसायची, पुजायची, हा नवमीचा नेम त्यांनी एअर फोर्समध्ये दर वर्षी पाळलेला. अर्ध्या उघड्या यंत्राची पूजा करायची नसते. म्हणून त्यांनी आधी काम पुरं केलं. शेजारच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेले प्लग साफ करून इंजिनात बसवले. सुटा पत्रा लावला. इंजिनावर एक तेलकट चिंधी पडलेली होती, ती पिशवीत घालून घरी आणली, सोड्यात भिजवली, चोळचोळून धुतली आणि माझ्या रेडिएटरवर वाळत घातली. सिंक काळं झालं म्हणून मी बोलले. ते म्हणाले, "अगं, पण चिंधी पाहा कशी निघाली."

लंडनमधल्या ईलिंगच्या मैत्रिणीने मला झेंडू आणून दिले होते. त्यातले निम्मे ते घेऊन गेले. इंजिनाला हळदकुंकू, हार, वर नारळ. मला फोटो पाठवला. खरं सांगते, फार छान दिसत होतं.

शनिवारी दुपारी किल्लीवाल्यांचा मला फोन आला. आवाज अगदी सौम्य होता. म्हणाले, "आय्म अफ्रेड इट्स अ बिट ऑफ अ शेम." या देशात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की इंग्रज माणूस जेव्हा 'थोडी वाईट गोष्ट' म्हणतो तेव्हा खाली बसून ऐकावं. मी बसले.

ते इंजिन दुरुस्तीला काढलेलं नव्हतं. म्हणजे होतं, पण तेव्हा. विंगमधल्या एका विमानाचं इंजिन बदललं, नवं बसवून विमान मोहिमेवर गेलं, आणि काढलेलं इंजिन त्याच विमानाच्या फिटर लोकांनी शेडमध्ये दुरुस्तीला घेतलं. काम चालू असताना बातमी आली की विमान परत येणार नाही. आत जी पोरं होती त्यांच्यातलं कुणीच नाही. फिटर लोकांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि पुन्हा त्या इंजिनाला कुणी शिवलं नाही. काही दिवसांनी विंग निघून गेली. युद्धासाठी घेतलेली जमीन परत मिळाली तेव्हा किल्लीवाल्यांच्या वडिलांनी इंजिनावर ताडपत्री टाकली आणि पोरांना बजावलं, हात लावायचा नाही. प्लग ट्रेमध्ये, चिंधी इंजिनावर, जसं त्यांनी ठेवलं तसं. गावात हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे नव्या माणसाला सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "ती चिंधी त्यांची होती?"

हो म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा म्युझियमला जायचे बंद झाले. डबा नको म्हणाले. घरातही कशाला हात लावेनात. बाथरूमचा नळ गळायला लागला, मी मुद्दाम त्यांच्या देखत कुरकुर केली, तरी उठले नाहीत. मग एक दिवस माझ्या नवऱ्याला म्हणाले, तिकीट अलीकडचं मिळतं का पाहा. मला फार वाईट वाटलं. हातोडीच्या आवाजाला मी कावले होते, पण ही शांतता मला घरात नको होती.

"चूक कोणाचीही होते, बाबा. प्लग परत काढता येतील."

"प्लग येतील. चिंधी काय करू?" ते म्हणाले. "कोण्या पोरानं हात पुसले होते तिला. मी सोडा टाकून धुतले."

शेवटी मीच किल्लीवाल्यांना फोन केला आणि विचारलं, की आम्ही येऊ का. ते म्हणाले, या.

मी गाडी काढली. बाबांनी चिंधी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली होती. शेडमध्ये झेंडू सुकून गेले होते, पण कुणी काढले नव्हते. किल्लीवाल्यांनी इंजिनाचा जुना फोटो पुढे ठेवला. बाबांनी आधी हार उतरवला, कुंकू पुसलं, मग पाना घेऊन एकेक प्लग सोडवून फोटोत होता तिथे ट्रेमध्ये ठेवत गेले. आयुष्यभर जोडायचं काम केलेला माणूस इतक्या हळू काहीतरी सुटं करत होता. किल्लीवाले हाताची घडी घालून पाहत उभे होते. त्यांचा राग गेला नव्हता, आणि तो का जावा?

पत्रा उतरवून झाल्यावर बाबांनी खिशातून चिंधी काढली. ती ठेवायला मात्र त्यांचा हात होईना.

"माय वाइफ्स सूइंग मशीन," ते म्हणाले. "हाफ फ्रॉक इज देअर. टू इयर्स. आय डोन्ट लेट एनीबडी टच."

मी पाहिलं तर त्यांचे डोळे वाहत होते. किल्लीवाल्यांनी इंजिनाकडे पाहिलं.

"सेम थिंग देन, रिअली," ते म्हणाले.

"येस, चीफ. सेम थिंग. आय शुड हॅव नोन."

किल्लीवाल्यांनी त्यांच्या हातातून चिंधी घेतली, उलगडली आणि इंजिनावर जिथे होती तिथे टाकली. इतकी स्वच्छ होती, की डोळ्यांत खुपत होती. आम्ही निघालो तेव्हा ते बाबांना म्हणाले, जीपचा ब्रेक अजून लागत नाही, मंगळवारी जमेल का. बाबा हो म्हणाले. पण गाडीत मला म्हणाले, "ते चांगले आहेत म्हणून. चिंधी काही परत मळत नाही."

रात्री मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो उठून भांडी घासायला लागला. आमच्याकडे डिशवॉशर आहे.

बाबा पूर्ण सहा महिने राहून नागपूरला परतले. पुढच्या खंडेनवमीला नेहमीसारखा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मशीनचं चाक, हळदकुंकू, झेंडू. नवरा फोन हातात धरून बसला होता. त्याने घसा खाकरला, तशी सवयीने बाबांनी फोन छताकडे फिरवला.

"बाबा," नवरा म्हणाला, "कॅमेरा जरा खाली घ्या ना. झबलं दिसत नाहीये."