बाबांचं नाक आणि तुरीचा ढीग

मी पोटासाठी माणसांची कातडी तपासते. आमच्या प्रयोगशाळेत एकाच माणसाच्या दोन चकत्या येतात, एक कर्करोगाच्या गाठीची आणि एक तिच्या शेजारच्या निरोगी कातडीची. दोन्हींतली प्रथिनं वेगळी काढायची आणि कुठलं वाढलंय, कुठलं घटलंय ते पाहायचं. गावी, पिंपळगाव राजाला, हे सांगितलं की आत्या विचारते, "मंग माह्या गालावरचे वांग कायनं जातीन?" तिथे माझ्या शिक्षणाची इज्जत संपते.

त्या दिवाळीला गेले तर बाबांच्या नाकाच्या बाजूला मसुराएवढी चकचकीत पुटकुळी. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा खपली.

"कव्हापासून हाय हे?"

"पेरणीच्या वख्ती मच्छर चावला होता."

पेरणीला चावलेला डास दिवाळीपर्यंत टिकत नाही. मला शंका आली. रोज परक्यांच्या चकत्या हाताळणारी मी, घरच्या नाकापुढे पार घाबरले. दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा बाबा खामगावच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले.

निघायच्या सकाळी त्यांनी तेच केलं, जे बाजार समितीत तूर नेताना जन्मभर करत आलेत. तिथे ते ढिगावर चाळलेला, टपोरा दाणा पसरतात आणि फुटका माल पोटात ठेवतात. मी बॅग भरत होते तेवढ्यात बाबांनी कोमट पाण्याने खपली भिजवून काढली, खोबरेल चोळलं आणि वरून आईची पावडर थापली. दवाखान्यात डॉक्टर नाक पाहून म्हणाले, "विशेष काही दिसत नाही. मलम देतो." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तुरीला सगळ्यात वरचा भाव लागला.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, व्यापारी वरचा माल पाहून भाव देते का?"

"तो कायले देईन? कोपरापर्यंत हात घालते ढिगात."

"मंग डॉक्टरांले बी घालू द्या."

मी ओल्या कापसाने नाक पुसलं. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. "तुकडा काढून तपासावा लागेल," ते म्हणाले.

बाहेर बाकावर बाबा हळूच म्हणाले, "मले वाटलं, चांगलं दिसलं तं चांगलंच म्हनतीन." माझा राग तिथेच उतरला. ते माझ्याहून जास्त घाबरले होते, आणि मी त्यांना चारचौघांत झापलं होतं.

निदान कर्करोगाचंच आलं, पण सावकाश वाढणाऱ्या जातीचं. गाठ पूर्ण काढली की बहुतेक वेळा भागतं. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, संशोधनासाठी थोडी गाठ आणि शेजारची थोडी चांगली कातडी द्याल का?

"खराब घ्या. चांगलं काऊन कापता?" बाबा म्हणाले.

मी प्रथिनांवर व्याख्यान सुरू केलं. माणसागणिक प्रथिनं बदलतात, म्हणून दुसऱ्याची चांगली कातडी घेतली तर फरक रोगाचा की माणसाचा हे कळत नाही, वगैरे. त्यांनी मध्येच हात वर केला.

"दोन्ही एकाच वावरातले पायजे, असं म्हन ना. दुसऱ्याच्या वावराशी ताडून काय कळते?"

माझा अख्खा अभ्यासक्रम त्यांनी एका दमात उरकला. मग सही केली आणि डॉक्टरीणबाईंना बजावलं, "चांगला माल बी वरवरचा घेऊ नका, बाई. आतून घ्या."

गाठ पूर्ण निघाली. नाकावर एक रेघ राहिली, ती ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

परवा गावी गेले तर बाबा वावरातून थेट अंगणात आले, हातपायही न धुता. उन्हात माझ्यासमोर बसले आणि कान पुढे केला.

"कानामागं काही काळं हाय म्हनते तुही माय. पाह्य. तसाच आलो, काही पुसलं नाही."

मी पदर ओला करून पुसलं. माती होती, निघून गेली. तरी मी दुसऱ्यांदा पुसलं, आणि बाबा मान वाकवून बसून राहिले.